काटा चाळीसवर

४ डिसेंबर १९६१, सोमवार

आजपासून रोजनिशी. निमित्त जीप. डिस्पोजलची आहे, लष्करातून निघालेली, पण तब्येत खणखणीत. गोठ्यात बैलांच्या शेजारी उभी केली. बैल हबकले. मीही थोडा.

आमच्या धाड गावात सगळे म्हणतात, हिंमतरावानं कापूस वाहायला जीप घेतली. म्हणू देत. खरं कारण माझ्यापुरतं. बायकोला, चांगुणाला, आठवा महिना लागला आहे. पौष सरता सरता दिवस भरतील. बाळंतपणाचा दवाखाना बुलढाण्याला. माझी आई बुलढाण्याला पोचली नव्हती. बैलगाडीत, वाटेतच गेली. मी सहा वर्षांचा होतो आणि त्याच गाडीत होतो. यावर जास्त लिहिणार नाही.

संकल्प: इंजिनाची रोज सकाळी तपासणी. ऑइल, पाणी, बॅटरी, टायरची हवा. बिघाड यायच्या आधीच त्याची मानगूट धरायची. मी इंटर सायन्सपर्यंत शिकलेला माणूस आहे. नापास झालो, पण सायन्सलाच.

६ डिसेंबर, बुधवार

बुलढाण्याला जाऊन आलो. ऑइलचं प्रेशर दाखवणारं जीपचं जुनं गेज फुटकं होतं. काच होती, काटा नव्हता. इंद्रभान मिस्त्रीने भंगाराच्या डब्यात हात घालून दुसरं काढलं, फुंकर मारली आणि बसवलं. हा मिस्त्री कुठल्याही दुखण्याला एकच निदान करतो: कचरा आला. तरी अनुभवी आहे. मी विचारलं, रीडिंग किती असावं? म्हणाला, काटा चाळीसवर राह्यला का समजाचं गाडी मजेत हाये, आपुन पान खाचं.

परतीला काट्यावरून नजर हलवली नाही. चाळीस. खड्डा आला, चाळीस. चढ आला, चाळीस. एका ठिकाणी रस्त्यात म्हैस बसली होती. इंजिन बंद करून उतरलो, तिला उठवलं, परत येऊन पाहतो तर चाळीस. इतकं स्थैर्य माणसात सापडत नाही.

नजर काट्यावर असल्यामुळे मैलाच्या एका दगडाला गाडी किंचित लागली. दगडाला काही झालेलं नाही.

९ डिसेंबर, शनिवार, सकाळ

तपासणीची पद्धत बसवली. आंघोळ करून, चप्पल बाहेर काढून गोठ्यात जायचं (गाडीत शेण जायला नको). बॉनेट उघडायचं. तेल ओतायच्या तोंडाला झाकण आहे, झाकणालाच लोखंडी पट्टी. ती वर काढायची, धुतलेल्या पंच्याने पुसायची, परत आत सोडायची, परत काढायची, उजेडाकडे तोंड करून डोळ्यांसमोर धरायची. फुल्लच्या खुणेपर्यंत तेल हवं. आज खुणेच्या जरा खाली.

आत्या दारात उभी राहून सगळं बघत होती. आत्या म्हणजे गोजरबाई, वडिलांची धाकटी बहीण. आईमागे मला तिनेच वाढवलं. विचारलं, काऊन रे, हे काय चालू हाये? मी म्हणालो, तेल पाहतोय. म्हणाली, आन ते कमी पडलं तं? मी तिला समजेल अशा भाषेत सांगितलं: आतले भाग कोरडे पडतात, एकमेकांवर घासतात, जळतात आणि गाडी वाटेत थांबते. शास्त्र सोपं करून सांगायची हातोटी माझ्यात आहे. आत्याचा चेहराच उतरला. बराच वेळ गाडीकडे पाहत राहिली. मग बुधलीत तेल घेऊन मारुतीला गेली. शनिवार आहे.

१० डिसेंबर, रविवार

पट्टीवर तेल बरोबर फुल्ल. काल खाली होतं असं लिहिलं आहे. नजरचूक असणार. चष्मा करावा का?

काटा चाळीस. इंजिन चालू करायच्या आधीच चाळीस. याला म्हणतात तयारी.

१२ डिसेंबर, मंगळवार

बॅटरीचं पाणी मोजायचं यंत्र आणलं. काचेची नळी, वर रबरी फुगा. चांगुणाला वाटलं बाळाला गुटी पाजायला आणलं. तिच्या हातून काढून घेतलं. आत ॲसिड असतं.

१५ डिसेंबर, शुक्रवार

मोठी मजल. गावच्या दवाखान्यातले कंपाउंडर भगवानराव यांच्याकडून जुनं स्टेथोस्कोप मागून आणलं. इंजिनाच्या निरनिराळ्या भागांना लावून आतला आवाज ऐकायचा. परदेशात असंच करतात म्हणे.

पहिल्याच वेळी धाबं दणाणलं. आतून ठक्-ठक्, ठक्-ठक्. ऐकता ऐकता वेग वाढत गेला. मी घामाघूम. मग लक्षात आलं की इंजिन बंद आहे. आवाज माझाच होता.

चांगुणा म्हणाली, इकडं लावून पाहा न थोडं, बाळाचं ऐकू येते का? मी म्हणालो, नाजूक वस्तू आहे, रविवारी पाहू.

१७ डिसेंबर, रविवार

चमत्कार म्हणणार नाही, पण लिहून ठेवतो. पट्टीवर तेल फुल्लच्याही वर. आठवडाभर गाडी बाजारापलीकडे गेली नाही आणि मी थेंब घातलेला नाही. याचा अर्थ एकच. सगळ्यांच्या गाड्या तेल पितात. माझी देते.

बैठकीवर हे सांगितलं. चुलतभाऊ उकंडराव तिथंच होता. त्याची दमणी आहे, माणसं न्यायची हलकी बैलगाडी, दोन पांढरे बैल, गळ्यात घागरमाळा. वाऱ्यासारखे पळतात असं त्याचं म्हणणं. तो म्हणाला, हिम्मत, उद्या म्हणशीन का पेट्रोलबी देते. मग आमाले जोडधंदाच झाला ना बे. सगळे हसले. अडाण्यांपुढे गीता.

स्टेथोस्कोपचं विसरलो. चांगुणानेच मी आंघोळीला गेलो असताना लावून घेतलं म्हणे. आत्याला सांगत होती, घोडं पळते तसं ऐकू येते. मला ऐकायचं होतं, पण आता मागून कसं ऐकणार.

२४ डिसेंबर, रविवार

गाडीची खरी परीक्षा चढावर. म्हणून बुलढाण्याच्या पुढे राजूर घाटापर्यंत गेलो. घाट पाहिला. उतरलो नाही. खाली एकदा पाहिलं आणि गाडी वळवली. पण ते घाटामुळे, गाडीमुळे नाही. काटा पूर्ण वेळ चाळीस. परीक्षा पास.

परतीला एक सायकलवाला पुढे गेला. नंतर दूधवाला. नंतर, आश्चर्य म्हणजे, पायी जाणारी एक म्हातारी. मी वेग वाढवू शकलो असतो.

पट्टीवर तेल आणखी एक बोट वर. वाढ नेहमी रविवारी दिसते. इंजिनाला शनिवारची विश्रांती मानवत असावी. यावर कुठल्या तरी मासिकाला लिहावं.

१ जानेवारी १९६२, सोमवार

नवीन वर्षाचे संकल्प. (१) घाबरायचं नाही. (२) दिवस भरायच्या आधी आठवडाभर चांगुणाला बुलढाण्याला तिच्या मावशीकडे नेऊन ठेवायचं. मावशी दवाखान्याच्या मागेच राहते. म्हणजे घाईच नको. (३) स्टेथोस्कोप परत करायचं. (४) पहिल्या संकल्पाकडे रोज लक्ष द्यायचं.

७ जानेवारी, रविवार

गाडीला वास येतो आहे. चढ लागला की भज्यांचा वास.

आधी वाटलं रस्त्याकडेच्या कुणाच्या घरून येतो. पण घरं संपली, शेतं लागली, तरी भजी. कढई तापल्यावर पहिला घाणा टाकतात तसा. पोटात भूक आणि भीती एकदम. गाडी थांबवली. वास थांबला. गाडी चालवली. वास चालला.

इंद्रभान मिस्त्रीला दाखवलं. त्याने बॉनेट न उघडताच नाक वर केलं आणि म्हणाला, कचरा आला. मग विचारलं, जेवून आले का तुमी? मी नाही म्हणालो. म्हणाला, तं मंग भुकेचा वास हाये. मला हे पटलं. घरून नेहमी जेवून निघायचं ठरवलं.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

तिळगूळ. चांगुणाचे पाय सुजले आहेत. आत्या म्हणते, नवव्यात सुजतेच. मी नोंद केली: पाय, किंचित फुगवटा, दोन्ही बाजूंना सारखा. दोन्ही बाजूंना सारखा असेल तर चिंता नसते. टायरचं तसंच आहे.

हे मी मोठ्याने बोललो. बोलायला नको होतं.

गाडी आता निळा धूर सोडते. श्वास मोकळा होत असावा. काटा चाळीस. हे एक रीडिंग नसतं तर मी केव्हाच हाय खाल्ली असती.

२१ जानेवारी, रविवार

गावात दुसरा विषय नाही. फेब्रुवारीच्या तीन तारखेपासून अष्टग्रही. आठ ग्रह मकर राशीत एकत्र. पृथ्वी दुभंगणार, समुद्र वर येणार (आमच्याकडे कुठून येणार, हे कुणी सांगत नाही). देवळात होम, सप्ताह, समिधांचे ढीग. लोक लेकीबाळींना माहेरी बोलावून घेत आहेत. जायचंच तर सगळे मिळून जाऊ म्हणतात.

मी विज्ञाननिष्ठ माणूस. माझा विश्वास नाही. फक्त चांगुणाचे दिवस नेमके त्याच आठवड्यात भरतात, एवढाच मुद्दा आहे. आणि चार तारखेला अमावस्या. आणि शनी मकरेतच. विश्वास नाही, पण माहिती असावी.

आत्या काल मारुतीला नेहमीपेक्षा मोठी बुधली घेऊन गेली. मारुतीचं देऊळ समोर, पण येताना ती गोठ्याकडून आली. वय झालं, रस्ता चुकते.

२८ जानेवारी, रविवार

बेत पक्का. बुधवारी सकाळी निघायचं. चांगुणा, आत्या, गाद्या, डिंक-मेथी, सगळं बांधून तयार.

पट्टीवर तेल खुणेच्या चार बोटं वर. इतकं तेल असलेली गाडी जिल्ह्यात दुसरी नसेल.

३१ जानेवारी, बुधवार

निघालो नाही. पहाटे गारठ्यात इंजिन जड झालं होतं, गाडी सुरू करायचं हॅंडल फिरेना. काटा मात्र चाळीस. म्हणजे दोष हॅंडलचा.

चांगुणा म्हणाली, आपण यष्टीनं जाऊ ना. मी म्हणालो, यष्टीच्या ड्रायव्हरला मी एकदा ऑइल-प्रेशर किती म्हणून विचारलं होतं. तो हसला होता. अशा माणसाच्या हाती तुला देऊ? ती डिंक-मेथीचं गाठोडं सोडायला लागली.

१ फेब्रुवारी, गुरुवार

उकंडराव आला. म्हणाला, हिम्मत, माही दमणी घे. बैल तयार हायेत. बैलाले काटा नसते बे, भूक लागली का हंबरते, थकलं का बसते. मी त्याला सांगितलं, या घरातून बाळंतपणासाठी पुन्हा बैलगाडी जाणार नाही. माझा आवाज चढला. तो उठून गेला. त्याला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत आहे.

सरळ गोठ्यात गेलो. पट्टी तीनदा पुसली.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज निघणार होतो. पण उद्यापासून अष्टग्रही आणि रस्त्यात कुणी नसणार. मला भीती नाही. मिस्त्रीने मात्र दुकान बंद ठेवून होमाला बसायचं ठरवलं आहे असं कळलं, आणि मिस्त्रीशिवाय निघणं शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं. पाच तारखेला ग्रह पांगतील. सहाला निघू. बाळाला तेवढं समजायला हवं.

३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आकाश नेहमीसारखं. जमीनही. दुपारी एकदा जमीन हादरली. सगळे अंगणात पळाले. मी चांगुणाला धरून उभा राहिलो. कुणाची तरी भिंत पडली होती, जुनी.

ती माझ्याकडे पाहत म्हणाली, अहो, तुम्हीच कापून राह्यले. मला सांगता आलं नाही की मला ग्रहांची भीती वाटत नाही. मला तिची वाटते. म्हणजे तिच्यासाठी वाटते. रस्त्याची वाटते. त्या चाकाचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि मग तो थांबतो, आणि सगळे गप्प होतात. लिहिणार नाही म्हणालो होतो.

आत्या देवळातून आली. बुधली रिकामी. काटा चाळीस.

६ फेब्रुवारी, मंगळवार. बुलढाणा, दवाखान्याचा व्हरांडा

क्रमाने लिहितो, कारण डोकं क्रमाने चालत नाही.

रविवारी न्याहारीच्या वेळी कळा सुरू झाल्या. मी म्हणालो, कुणी घाबरू नका. कुणी घाबरलेलं नव्हतं. गोठ्यात धावलो. बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, आत सोडली, काढली, पाहिली. पुन्हा पुसायला लागलो तशी आत्या ओरडली, हिम्मत्या, पुरं कर तुही पूजा! देव पावाचा असंन तं पावला असंन आतालोक! तेव्हा समजलं की दोन महिने ती माझ्या तपासणीला पूजा समजत होती. अनवाणी, सोवळ्यात, डोळ्यांसमोर पट्टी धरून. तिची चूक म्हणता येत नाही.

हॅंडल मारून मारून खांदा गेला. शेवटी गाडी सुरू झाली. मागे गादीवर चांगुणा, तिला धरून आत्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अमावस्या, अष्टग्रही, आणि आम्ही. मी मोठ्याने रीडिंग सांगत होतो. चाळीस! चाळीस! त्यांना धीर यावा म्हणून. मागून चांगुणा कण्हायची, पुढून मी चाळीस म्हणायचो.

चढ लागला. आधी भजी. मग निळा धूर. मग पांढरा. गाडी खाकरली, दोनदा आचके दिले आणि थांबली. हॅंडल लावलं. दगडात रोवल्यासारखं. हलेना.

दोन्ही बाजूंना तुरीचं शेत. वारा नाही. मला वाटलं, हीच ती जागा. ती जागा कुठली हे मला कधीच माहीत नव्हतं, सहा वर्षांच्या पोराला काय कळणार. तरी वाटलं, हीच. मी बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिलो आणि काय करावं ते मला मुळीच सुचेना.

मागून घागरमाळांचा आवाज आला. उकंडराव, दमणी घेऊन. कसा आला विचारलं तर म्हणाला, असाच, बैल मोकळे होते. नंतर आत्याने सांगितलं, जीप वेशीबाहेर पडताच त्याने बैल जुंपले होते. वाटेत दोनदा कासरा खेचावा लागला, नाहीतर तो आमच्या पुढे गेला असता.

तो म्हणाला, बसवा बाईले. मी आडवा आलो. म्हणालो, नाही. बैलगाडीत नाही. इंजिन ठीक आहे. काटा चाळीसवर आहे. कचरा आला असेल. आत्ता सुरू होईल.

चांगुणा कळ ओसरेपर्यंत थांबली. मग मागून हात लांब करून तिने गेजच्या काचेवर टिचकी मारली. म्हणाली, अहो, इंजिन तं बंद हाये. मंग हा काटा चाळीसवर कसा?

मी पाहिलं. चाळीस.

म्हणाली, गोठ्यातबी चाळीसवरच राह्यते. मी कोंबडीची अंडी काढाले जाते तवा रोज पाहते. मले वाटलं, तुम्हाले माहीत असंन.

आणि ती आत्याचा खांदा धरून स्वतःच्या पायांनी खाली उतरली. मी अडवलं नाही.

तिला दमणीत निजवलं तेव्हा आत्या रडायला लागली. रडता रडता म्हणाली, तेल कमी पडलं का रे? म्या तं घातलं. दर शनवारी घातलं. मारुतीले अर्धं आन हिले अर्धं. घाण्याचं जवसाचं, भेसळ नाही. तुह्या मायच्या टायमाले गाडीचं आख कोरडं पडलं होतं. नळ्यात वंगणच नव्हतं, निघताना कोणी पाह्यलंच नाही. चाक जळालं आन गाडी थांबली. तू म्हणे ना, कोरडं पडलं का जळते? म्या म्हटलं, या टायमाले नाही पडू देणार.

मला रागवायचं होतं. हसायचंही होतं. मी ढसाढसा रडलो, उकंडरावासमोर.

मग डोळे पुसले आणि दमणीखाली वाकलो. आखाजवळ वंगणाचा नळा टांगलेला होता. बोट घातलं. आत ओलं, काळं, भरलेलं. डाव्या चाकाच्या आखाला बोट लावलं. ओलं. उजव्या चाकाकडे गेलो. तेही ओलं. उकंडराव एरवी टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. आज कासरा धरून बसला होता. एवढंच म्हणाला, पाह्य, पाह्य. दोन्हीकडून पाह्यून घे.

दमणी निघाली. मी वर बसलो नाही. चाकाच्या बाजूने चालत गेलो, मग पळत. चाक कुरकुरतं का ते ऐकत होतो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत कुरकुरलं नाही.

संध्याकाळी मुलगी झाली. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, दोघी मजेत आहेत. मी विचारलं, मजेत म्हणजे नक्की किती? त्यांनी दार लावून घेतलं.

जग बुडालेलं नाही. काल ग्रहही पांगले असं लोक म्हणतात. माझ्या बोटाचं वंगण निघत नाही, म्हणून बाळाला अजून हात लावू देत नाहीत.

१८ फेब्रुवारी, रविवार. धाड

परवा घरी आलो, आज बारसं झालं. आवाजावरून नाव कोकिळा. उकंडराव अष्टग्रही ठेवा म्हणत होता.

जीप बैल लावून ओढून आणली. उकंडरावाचेच बैल. इंद्रभान मिस्त्रीने घरी येऊन इंजिन खोललं. आत जवसाचं तेल आटून डिंकासारखं घट्ट बसलेलं. चाकूने खरवडून काढलं. पहिल्यांदाच तो कचरा आला म्हणाला नाही. म्हणाला, हे तं बाळंतिणीच्या लाडवाचं सामान हाये. आत्याने ते ऐकलं नाही. ती आत खरोखरचे डिंकाचे लाडू वळत होती.

निवडणुकीसाठी जीप मागायला दोन पक्षांची माणसं आली होती. गोठ्यात डोकावली आणि चहा न घेता गेली. आता बॉनेटखाली कोंबडी बसते. तिला तिथं बरं वाटतं.

नवे संकल्प. थर्मामीटर आणला आहे. सकाळ-संध्याकाळ बाळाचं टेम्परेचर, वजन, दूध, झोप, सगळ्याचा तक्ता भिंतीला लावला. दुपारी चांगुणाने तो काढून चुलीत घातला. आत्या रोज बाळाच्या टाळूवर तेल घालते. मी विचारलं, किती घालायचं, खूण कुठपर्यंत? म्हणाली, टाळू पिते तितकं. पुढे म्हणाली, तू शिकवू नको. तेलाचं मले समजते.

गेज मी उकिरड्यावर टाकलं होतं. चांगुणाने ते धुऊनपुसून दोरीने पाळण्याला बांधलं. वाऱ्याने फिरतं, चमकतं, पोरगी एकटक पाहत राहते.

संध्याकाळ. कोकिळा रडायला लागली. पोट, ताप, दृष्ट, काय असेल? थर्मामीटर सापडेना. सवयीने वर पाहिलं. काटा चाळीसवर. जीव भांड्यात पडला. चांगुणाला ओरडून सांगितलं, काळजीचं काही कारण नाही.

ती आतून म्हणाली, दुपटं ओलं झालं असंन. बदला.

बदललं.